हजार की बाराशे

उद्या वैकुंठाचं विमान आमच्या थोरल्या साडूंच्या दारात उतरलं, तरी आत पाऊल ठेवायच्या आधी ते देवदूताला विचारतील, "मोटार केवढी हाय हिची? भरल्यावर चढंल का?" देवदूत काय सांगेल ते त्याचं त्याला ठाऊक, पण त्यानं यांचं समाधान होणार नाही हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो. हे आणखी चार जणांना विचारतील, एक चक्कर मारून बघतील आणि शेवटी म्हणतील, "उद्याच्याला सांगतो." या 'उद्याच्याला'नं माझे अकरा रविवार खाल्ले. मी शाळामास्तर माणूस, आठवड्यातला एक दिवस काय तो माझा, आणि तो मी जुन्या गाड्यांच्या बॉनेटखाली डोकं घालून घालवला.

थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि ते मला गेली वीस वर्षं 'पाव्हणं' म्हणतात. धाराशिवात त्यांचं विहिरीच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. आता तुम्हीच सांगा, जन्मभर ज्या माणसाच्या पुढ्यात जळालेल्याच मोटारी आल्या, त्याचा मोटारीवर भरवसा कसा राहायचा? धडधाकट मोटार दुकानात येईलच कशाला? तीन एचपीची मोटार पाचाच्या कामाला लावली आणि जळाली, ही एकच गोष्ट त्यांनी हजारदा बघितलेली. त्यामुळं पंखा दिसला, पिठाची गिरणी दिसली, की यांचा प्रश्न ठरलेला. आमच्या घरी नवा मिक्सर आला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, बुडाखालचं बारीक अक्षर वाचलं आणि खाली ठेवून म्हणाले, "शेंगदाण्यापतुर चालंल. खोबऱ्याला न्हाय." दिवाळीत तो मिक्सर नेमका खोबऱ्यालाच जळाला. तेव्हापासून माझ्या बायकोच्या लेखी दाजी म्हणजे भविष्यवेत्ते, आणि मी कोण म्हणून विचाराल तर मिक्सर आणणारा.

तर गाडी घ्यायचं कारण असं, की आक्कांचे गुडघे गेले. आक्का म्हणजे माझ्या मेहुणीबाई. त्यांना एसटीची पायरी चढवेना. माहेर अणदूरला, जेमतेम दीड तासाची वाट, पण वर्ष होऊन गेलं तरी जाणं नाही. तिकडं सासूबाईंना प्रवास झेपत नाही. त्या रोज संध्याकाळी फोन करून लेकीला विचारायच्या, "कवा यायलीस गं? का म्या गेल्यावर येतीस?" आक्का फोन ठेवून स्वैपाकघरात जायच्या आणि उगीच भांडी आपटायच्या. मी म्हटलं, दाजी, भाड्याची जीप करू, उद्या जाऊ. दाजी म्हणाले, "भाड्याच्या गाडीचं इंजन कुणी बघितलंय? चढाला थांबली तर?" झालं. तिथून आमची साडेसाती सुरू झाली.

हायवेला जुन्या गाड्या विकणाऱ्या एका एजंटाकडं दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही पांढऱ्या, एकाच सालच्या. शेजारी लावल्या तर जुळ्या बहिणी. फरक फक्त बॉनेटखाली. एकीचं इंजिन हजार सीसीचं, दुसरीचं बाराशेचं. दुसरा कुणी असता तर सीटचं कव्हर बरं बघून घेऊन गेला असता. दाजींनी खिशातून लांब डिसमिस काढलं. स्क्रू फिरवायला नव्हे. त्याचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. डॉक्टरनं छाती तपासावी तसा हा प्रकार अर्धा अर्धा तास चाले. सोमवारी बाराशे पक्की. मंगळवारी फोन, "पाव्हणं, बाराशे पेट्रोल लई पिती म्हणं. हजारच घ्यावी." बुधवारी, "पर हजाराला चढ झेपंल का?" गुरुवारी मी फोन उचलणं बंद केलं, तर हे शाळेत आले.

मग 'भरून बघायचं' निघालं. पाच माणसांचा भार किती होतो हे काढायला दाजींनी भर बाजारात माझ्या बायकोला वजन विचारलं. वर स्वतःच अंदाज सांगितला. बायको महिनाभर बोलली नाही, दाजींशी नव्हे, माझ्याशी, कारण मी हसलो होतो. माणसं मिळेनात म्हणून पुढच्या रविवारी सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, आली. मागं तीन, डिकीत एक, आणि पुढं शेजारच्या सीटवर एक, त्याला बेल्ट लावलेला. मी कुठं बसणार? मी मोटारसायकलवर मागून, धूर किती येतो ते बघायला. एजंट कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, गाडी घ्यायलाव का आडतीला निघालाव?"

एवढ्यानं भागलं नाही म्हणून नळदुर्गच्या ढाब्यावर गाठून ट्रकवाल्यांचा सल्ला घेणं झालं. हैदराबादकडचा एक म्हातारा ड्रायव्हर दाळफ्राय खात होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अंडे लाने कू जाना है तो ट्रॉला कायकू लेते चाचा?" मला तर त्याचे पाय धरावेसे वाटले. दाजी मात्र बाहेर येऊन म्हणतात, "त्यो ट्रॉला चालवतो. लहान इंजनातलं त्याला काय कळतंय?" मग विचारलंत कशाला हो त्याला? अणदूर आणि नळदुर्ग ही आमच्या खंडोबाची दोन घरं. देव एकच, तो ठरल्या दिवशी इकडून तिकडं मुक्काम हलवतो. आमचा हा घोळ चालू असताना देव अणदूरहून नळदुर्गाला आला आणि मुक्काम संपवून परतसुद्धा गेला, पण दाजींचं काही ठरलं नाही.

अकराव्या रविवारी माझा तोल गेला. मी ओरडलोच, "दाजी, आक्कांना अणदूरला न्यायचंय, चंद्रावर नाही! हजारानंही माणूस जातो आणि बाराशेनंही जातो. ती म्हातारी तिकडं वाट बघून बघून थकली आणि तुम्ही इंजिनाला कान लावून बसलाय!" दाजींनी डिसमिस पुसून खिशात ठेवलं. मग खाली बघत म्हणाले, "पाव्हणं, जाताना उतार हाय. येताना चढ हाय."

आणि त्यांनी सांगितलं. पस्तीस वर्षांपूर्वी लग्न लावून अणदूरहून नवरी घेऊन निघाले, तर तुळजापूरच्या अलीकडच्या चढाला जीप बसली. भर उन्हाळ्याची दुपार. ड्रायव्हर म्हणाला, उतरा सगळे. सगळे म्हणजे नवरीपण. शालू नेसलेली नवी नवरी चढ चालत गेली. मग काय विचारता! सासरवाडीत बारसं असो, बारावं असो, कुणीतरी म्हणणारच, "आमची पोरगी जीपनं दिली, ह्येनी चालत नेली." मीही हसलो होतो त्यावर, दरवेळी हसलो होतो. दाजी म्हणाले, "तवा तिला पाय तरी हुते. आता मधीच उतर म्हणायची पाळी आली तर म्या तोंड कुठं दाखवू?"

मी म्हटलं, बाराशे घेऊ, आत्ता, चला. गेलो तर एजंट म्हणाला, "काका, ती सकाळीच गेली. माकणीचे एक जण आले, दारं उघडून बघितली, घेऊन गेले. इंजन केवढं ते इचारलंबी न्हाय." दाजी त्या रिकाम्या जागेकडं बराच वेळ बघत राहिले. मग हजार घेतली.

पुढच्याच रविवारी आम्ही चौघं अणदूरला गेलो. सासूबाईंनी आक्कांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, रडल्या, आणि लगेच "वाळलीस गं" म्हणून पुरणपोळीवर तुपाची धार धरली. दिवस कसा गेला कळलं नाही. दाजी तेवढे जेवतानासुद्धा अंगणातल्या गाडीकडं बघत होते.

परतताना चढाच्या पायथ्याला त्यांनी गाडी बाजूला घेतली. मागं वळून मला म्हणाले, "पाव्हणं, रागाला येऊ नगा. तुमी दोघं उतरा. चढ संपला की बसा." मी थक्क झालो. इंजिन तपासलेलं, सोयाबीननं तावून सुलाखून घेतलेलं, आणि आता मी चालायचं! पुरणपोळी पोटात, ऊन डोक्यावर. पण काय करता, उतरलो. बायकोही उतरली. तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि आक्का एक पाय बाहेर टाकून म्हणाल्या, "मला बी उतरवा."

"तू बस गं," दाजी जवळजवळ किंचाळले. "तुझ्यासाठनंच तर ह्येंना उतरवलंय!"

"उतरवा म्हणते ना. धा पावलं चालते."

"गुडघं?"

"असू द्या गुडघं." आक्का दाराला धरून उभ्या राहिल्या. "जीप चढली असती त्या दिशी, तर तुमी बोलला असता का माझ्याशी? चौदा माणसात? मला नवी चप्पल चावायली हुती. सगळी म्होरं गेली तवा तुमी म्हणला, आण हिकडं. बाशिंग बांधलेला नवरा माझी चप्पल हातात घिऊन चढ चढला. हे न्हाय कधी सांगितलंत ह्या लोकांस्नी?"

दाजींनी गाडी बंद केली. माझ्या बायकोनं माझं कोपर धरून ओढलं, "चला तुम्ही पुढं." आम्ही चढ चढू लागलो. लग्नाच्या त्या जीपमध्ये तीही होती, दहा वर्षांची, नवरीची पाठराखीण म्हणून. अर्धा चढ गेल्यावर ती म्हणाली, "मी पुढं पळत गेले होते. मला आजपर्यंत वाटायचं, आक्का त्या दिवशी रडत चालत होती."

वर एका लिंबाच्या सावलीला आम्ही थांबलो. मागं वळून बघायचं नाही असं दोघांनीही न बोलताच ठरवलं होतं. गाडी वर यायला लई वेळ लागला, आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.