हात हालते का स्टेरिंग?

आसगावच्या केवळरामची बंडी गेली, बैल गेले, आता दारात पांढरी कार उभी राहते, तरी लोकं त्याले बंडीवालाच म्हनते. पवनीच्या दवाखान्यात जाचं असो, भंडाऱ्याले काही काम असो, कोनाची पोरगी पाहाले जाचं असो, पयले केवळरामच्याच दारी. कारन त्याचा हात! बंडी हाकत होता तवा मांगं ताकाचा भरला गुंड, घागरच म्हना, ठेवा, तलावाच्या पारीवरून बंडी उतरली तरी थेंब सांडनार नाई. बाया म्हनत, केवळरामच्या बंडीत लेकराची झोप मोडत नाई. ह्या एका गोष्टीचा त्याले भल्ला गुमान होता. अन् नेमकं तिथंच लागलं ना बापा.

झालं असं का मागच्या दिवाळीपासून गाडीले एक खोड लागली. चालते चांगली, लोन्यासारखी. पन भंडारा रोडवर जरा पळवली अन् समोर म्हशी आडव्या आल्या म्हनून ब्रेक दाबला, का स्टेरिंग अशी फडफड करे, जशी जिवंत मासोळी मुठीत धरली. ब्रेक सोडला का बंद. जसं काही झालंच नाई.

पयल्या दिवशी बाजूले हिरालाल बसला होता. हिरालाल म्हनजे गावातला चालता भोंगा, त्याले दिसलं का गावाले दिसलं.

"केवळराम, तुहे हात काहून थरथरून राहिले गा?"

"हात नोहे, स्टेरिंग हालून राहिली."

"हो, हो. तुहा बापही असाच म्हने, हात नोहे, कपबशी हालून राहिली."

मांगच्या सीटवरचे सगळे खी खी हासले. केवळरामले मातर बाप आठवला. त्याचा बाप सोमाजी. म्हाताऱ्याले हात हालायची बिमारी लागली होती. आधी चहा सांडे, मंग भाजीचा घास तोंडापर्यंत जाये नाई, आखरीले सून भरवे तवा जेवे. केवळरामनं ते सगळं डोळ्यानं पायलेलं. बापाले बिमारी लागली त्या वयाले पोचाले केवळरामले अजून धा वर्सं होते.

दुसऱ्याच दिवशी गाडी पवनीले नेली. बस स्टँडपासल्या मिस्त्रीनं चाकं काढले, फिरवले, बारीक बारीक शिशाचे तुकडे चिपकवले, अन् म्हने, "बॅलन्सिंग गेलं होतं, काका. आता मक्खन." मक्खन कायचं! गावच्या फाट्यावर ब्रेक दाबला, अन् मासोळी पुन्हा मुठीत.

दुसरा मिस्त्री गाडीखाली झोपला, लोखंडाच्या दांडीनं इकडे ठोक, तिकडे ठोक, म्हने स्टेरिंगचे जोड ढिले झाले. ते बदलले. काहीच फरक नाई. केवळराम गळा फाडून सांगे, "अरे, ब्रेक दाबला तवाच हालते! नुसती चालवली तं हालत नाई! आयकून त घ्या!" कोन आयकते? हे मिस्त्री लोकं गाडीचं आयकते, गाडीवाल्याचं नाई. अन् गल्लीत वीसच्या चालीनं एक चक्कर मारून येत, म्हनत, "कुठं हालून राहिली, काका?" आता वीसच्या चालीनं का हालनार? साठच्या वर गेली तवा कळते ना!

तिसरा भैय्यालाल. पोरगा हुशार, हातचा साफ. त्यानं मातर पुरं आयकलं. चाकाच्या आत लोखंडाची थाळी असते, डिस्क म्हनते तिले. ब्रेक दाबला का चिमटा त्या थाळीले दोन्हीकून धरते, तवा गाडी थांबते. भैय्यालाल म्हनला, थाळी वाकली हाय. समोरच्या दोन्ही नव्या टाकल्या. अन् बापा, गाडी अशी थांबू लागली का कळतच नाई! केवळराम महिनाभर छाती काढून फिरला. हिरालालच्या दारापुढे मुद्दाम गाडी थांबवे, नुसती थांबवे, अन् निंघून जाये.

दीड महिन्यानं पुन्हा सुरू.

आता भैय्यालालही कोड्यात पडला. "काका, नवीन थाळ्या हाय. आता मी अजून का करू, सांगा?" अन् बोलता बोलता त्याची नजर केवळरामच्या हातावर गेली. फक्त एक डाव गेली अन् फिरली. पन ते नजर केवळरामच्या काळजात काट्यावानी बसली. हिरालाल बोलला ते मजाक होती. हा त जानकार मानूस.

त्या दिवसापासून मानसाचं डोस्कंच फिरलं. सकाळी काठोकाठ चहा भरून बशी हातावर धरून बसे. हालत नाई. समाधान नाई, म्हनून अजून दोन मिन्टं धरे. मंग हात भरून येये, अन् बशी खरंच थोडी थोडी हाले. "पाह्य! पाह्य वो, हालली!" म्हनून बायकोवर वरडे.

कौशल्याबाई म्हने, "दोन मिन्टं बशी धरली तं मारुतीचाही हात हालन. पिऊन घ्या मुकाट्यानं."

पन लोकाचं येनं कमी झालं. कोनी तोंडावर बोले नाई, "नाई केवळराम, आमचं जानंच रद्द झालं," असं म्हने, अन् फाट्यावरून दुसऱ्याच्या गाडीत बसून जाये. अन् एक दिवस त्याचा पोरगा निकेश, पवनीत मोबाईलच्या दुकानात कामाले जाते तो, त्यानं खुटीवरची चावी काढली अन् खिशात टाकली.

"बाबा, बस झालं. डॉक्टरले दाखवू. हाताचा भरोसा नाई तवरीक गाडी नाई."

"तुले कोनं सांगितलं हाताचा भरोसा नाई?"

"गाव सांगून राहिलं."

"गावाले का लायसन हाय?"

आठ दिवस चावी पोराच्या खिशात. केवळराम कोठ्यात जाये, रिकाम्या दावनीपाशी उभा राहे, वापस येये. जेवतानी भाताचा घास उचलला का पयले हाताकडे पाहे. कोनी पाहून राहिलं का, हे पाहे. मंग ताटावरून उठून जाये. आठव्या दिवशी जेवता जेवता उसळला.

"आयक, निकेश. रविवारी भैय्यालालले आन. गाडी तो चालवन. मी बाजूले बसतो, तू मांगं बस. त्याच्या हातात स्टेरिंग नाई हालली, त चावी तुही. मी सवताहून डॉक्टरकडे जातो, अन् पुन्हा गाडीले हात लावत नाई. अन् हालली..."

"हालली त?"

"हालली त मंग पाहू!"

रविवारी भैय्यालाल आला. केवळराम बाजूच्या सीटवर बसला अन् दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले. मुद्दाम. नंतर कोनी म्हनाले नको, का ह्यानंच हालवली. रोड मोकळा लागला. भैय्यालालनं साठ केली, सत्तर केली.

"दाब," केवळराम म्हनला.

भैय्यालालनं ब्रेक दाबला. अन् स्टेरिंग अशी नाचली, अशी नाचली, का त्याच्या हातातलं कडं खुळखुळ वाजलं.

"कोनाचे हात हालून राहिले गा?" केवळराम वरडला. हात अजून मांडीखालीच. "निकेश, पाह्य डोळे फाडून! कोनाचे हात हाय ते? माहे का?"

निकेश दोन्ही सीटच्या मधून मान काढून पाहू लागला.

भैय्यालालनं अजून एक गंमत केली. रिकाम्या रोडवर पुन्हा साठच्या वर नेली अन् हातब्रेक हळूहळू वढला. हातब्रेक मांगच्या चाकाले असते ना. स्टेरिंग गपगार. "म्हनजे दोष समोरच हाय," तो म्हनला. गाडी तशीच पवनीले त्याच्या दुकानात नेली, समोरचं चाक काढलं, घड्याळासारखं एक यंत्र लावून थाळी हातानं फिरवली. काटा नाचू लागला. थाळीवर निळे निळे डाग, जसे तव्यावर पडते.

"काका, हे थाळी लालभडक तापते, अन् तापली असतानीच एकदम थंडी होते. म्हनून वाकते. गरम गाडी धुता का?"

"सकाळी धुतो. तवा थंडी असते."

"पान्यातून काढता का?"

"नाई रे बाबू."

"मंग गाडीले बाधाच झाली म्हना!" भैय्यालाल कटकटला. "चला, तुमी चालवा. मी पाहतो."

केवळरामनं हात पुसले अन् आसगावकडे गाडी घेतली. भैय्यालाल त्याच्या हाताकडे नाई, पायाकडे पाहत होता.

"काका, ब्रेकवरचा पाय उचला ना."

"उचललाच हाय."

"कुठं? पुरा रस्ता ठेवलाच हाय थोडा थोडा."

केवळरामनं खाली पायलं. खरंच गा! बंडीवाल्याची आदत, कासरा कधी ढिला सोडाचाच नाई. वढून धरलेला बरा. त्याले मालूमही नव्हतं का तो गाडीचा कासरा पायानं धरते. त्यानं गपकन पाय उचलला, पन कान लाल झाले.

अंगनात गाडी लागली. इंजिन बंद होते ना होते, तं कौशल्याबाई बादली घेऊन आली, अन् उजव्या चाकावर छपाक! छुर्रर्र करून वाफ निंघाली. दुसरी बादली डाव्या चाकावर टाकाले ते वळली.

"ओ काकू! थांबा, थांबा!" भैय्यालाल दरवाजा न लावताच पळाला. "हे का करून राहिल्या?"

"का झालं गा वरडाले? बैल घरी आले का पायावर पानी टाकाच लागते. दमून येते बिचारे."

"हे बैल नोहे ना, काकू!"

"मले समजते बैल नोहे ते. पन आदत कोठं जाते? पयले लोटाभरच टाकत होतो, हातपंपावरून कोन आनते? दिवाळीले अंगनात नळ आला, तवापासून बादली टाकतो."

दिवाळीपासून. केवळराम चाकापाशी वाकला अन् निंघती वाफ पाहू लागला.

"अन् मांगच्या चाकावर काहून नाई टाकत?" निकेशनं इचारलं.

"मांगचे चाकं त बंडीचे. बैल समोर असते ना बाबू."

भैय्यालाल पोट धरून हासला. केवळराम मातर नाई. "सा महिने!" तो म्हनला. "सा महिने माह्या हाताले गावानं सुळावर चढवलं! तीन मिस्त्री केले! अन् पानी घरातूनच पडून राहिलं?"

"तं तुमी काहून नाई सांगितलं मिस्त्रीले?" कौशल्याबाई उलटली. "रोज त तुमच्याच समोर टाकत होतो."

रोज डोळ्यापुढं होते ते गोष्ट मानूस पाहते कुठं?

चार दिवसानं भैय्यालालनं थाळ्या खरादीच्या मशीनीवर घासून बरोबर केल्या. गाडी पुन्हा लोनी झाली. निकेशनं चावी खुटीले अडकवली. केवळराम त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिला, का आता बोलन, मंग बोलन. निकेश म्हनला, "बाबा, चहा थंडा होऊन राहिला."

अन् हिरालाल! भंडाऱ्यावरून वापस येतानी समोरच्या सीटवर ऐसपैस बसून काय म्हने, "मी त पयलेपासून सांगून राहिलो केवळराम, दोष गाडीचाच हाय."

केवळरामनं त्याले तिथंच गाडीतून उतरवाले पायजे होतं. पन नाई. दात चावून घरी आनली, अन् अंगनात खाटेवर आदळला.

"सगळ्याले मालूम होतं! गावाले मालूम, हिरालालले मालूम! मंग मलेच काहून कोनी नाई सांगितलं?"

कौशल्याबाई बादली भरून, चाक थंडं व्हाची वाट पाहत, चाकापाशी बसली होती. तवा तापला का ते पाहावं तसं उलट्या हातानं चाकाजवळ पाहे. "अजून गरमच हाय," म्हने. थोड्या वेळानं पुन्हा पाहे. आखरीले ते कटाळून उठली अन् बादली घेऊन खाटेपाशी आली.

"मिस्त्री म्हनत होता, दिवसभर ब्रेकवर तुमचाच पाय असते म्हनून. करा ते पाय इकडे."

"कायले?"

"करा म्हनतो ना. ते चाक कवा थंडं होते, त्याचा आता कोनाले नेम हाय."

केवळरामनं तोंड वाकडं केलं. पन पाय खाटेवरून खाली सोडले.