रांजणाखालची बाटली

कोणी ग्लास पुढे केला, की आमचे सर तो आधी नाकाशी नेत. लग्नातलं ताक असो की सत्काराचं सरबत, हुंगल्याशिवाय घोट नाही. "वास घ्या, मंग विश्वास ठेवा," असं ते सगळ्यांना सांगत. मी त्यांच्याच शाळेत मास्तर आणि वर शेजारी, म्हणून माझ्या तोंडाचा वास ते न विचारताच घेत.

ब्रह्मपुरीतल्या आमच्या वॉर्डाच्या दारूबंदी समितीचे ते अध्यक्ष. रोज सकाळी पंचशील म्हणत, आणि नशा न करण्याच्या पाचव्या शीलाला आवाज असा चढवत की ते माझ्यासाठीच आहे हे मधल्या भिंतीलाही कळावं. जिल्ह्यात बंदी आली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पुढे काय झालं ते तुम्ही-आम्ही पाहिलंच आहे. आधी लोकांना दुकानापर्यंत चालत जावं लागे, मग मोटारसायकलवर घरपोच मिळू लागली. बंदीनं तेवढे कष्ट वाचवले.

नेमकं त्याच साली सरांच्या मुलीनं आरमोरीच्या एका पोराशी लग्न केलं. पोरगा आपल्यातलाच, शिकलेला, साधा तंबाखू-सुपारीचा खर्राही न खाणारा. पण नोकरी कुठं, तर नाशिककडे वाईनच्या कारखान्यात! पहिल्यांदा सासुरवाडीला आला आणि पिशवीतून पांढऱ्या वाईनची बाटली काढून यानं सरांच्या हातात ठेवली. अरे बाबा, केळी आणायची होतीस!

जावई तोंड उघडायच्या आत सरांनी त्याला दार दाखवलं. "माह्या तोंडावर थुकला तो," मला म्हणाले. त्यानंतर मुलगी एकटीच माहेरी येई आणि जेवता जेवता रडे.

बाटली मात्र राहिली. नालीत ओतावी तर वास सुटणार, कचऱ्यात टाकावी तर गाव बघणार, पोलिसांत द्यावी तर पंचनाम्यात अध्यक्षांचंच नाव! शेवटी सरांनी ती रांजणाखालच्या ओल्या रेतीत पुरली आणि वर्षानुवर्षं वरचं गार पाणी पीत राहिले. पुढे बंदी उठली. बाटली काही उठली नाही.

एक दिवस बाईंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, कंबर कसली. "तुमचं शील तुमच्यापाशी ठेवा. माही पोरगी नवऱ्यासंगं जेवाले येऊन राह्यली." मध्यस्थ म्हणून मलाही बोलावणं आलं.

भात होता, वैनगंगेच्या मासोळीचा झणझणीत रस्सा होता, आणि सर-जावई दोघंही फक्त माझ्याशीच बोलत होते. बाईंनी रेती झटकून बाटली मधोमध आणून ठेवली. "हेबी न्या घरातून एकदाची."

जावई बघतच राहिला. "बाबा, तुमी ठेवली हे?"

"फेकता नाई आली," सर ताटात बघून म्हणाले.

"खराब झाली असन. अशी वाईन दोन-तीन सालात पेऊन टाकावी लागते." त्यानं स्क्रू घुसवून पकडीनं बूच ओढलं. स्टीलच्या ग्लासात सोनेरी धार पडली. त्यानं घोट घेतला आणि तो थांबला. मग शेजारधर्म म्हणून मीही घेतला. गोडवा अजिबात नाही. आधी कैरीचा झटका, मग भाजलेल्या चारोळीसारखं काहीतरी जिभेवर रेंगाळणारं, आणि रश्श्याचा जाळ एकदम मवाळ. काय सांगू, आयुष्यात तेवढं चांगलं मी प्यालो नाही, आणि मी कमी प्यालेलो नाही.

"लय चांगली झाली, बाबा," जावई म्हणाला. "माह्या हातची पहिली होती. म्हून तुमाले आणली होती."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"तुमी बोलू देल्लं कुठी?"

सरांनी त्याचा ग्लास उचलून नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. "वाळल्या मोहफुलावानी वास येते," म्हणाले, आणि घोट न घेता ग्लास खाली ठेवला. मग बाटली उचलून आपल्या हातानं जावयाला वाढली आणि स्वतःला पाणी घेतलं. "माह्यं शील मी मोडणार नाई. तुमी घ्या, जवाईबापू."

बाई रस्सा आणायला म्हणून आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्याच नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. शोकसभेला गावातले एक पुढारी आले होते. सर त्यांना कधी धड भेटलेही नसतील, पण माइक हातात होता. "या महामानवाच्या घरात दारूचा थेंबबी गेला नाई!" ते गरजले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मागून जावई उठून उभा राहिला.

"गेला होता," तो म्हणाला. "मीच नेला होता. त्याईनं आपल्या हातानं मले वाढला, अन् स्वतः पाणी पेले. असा सासरा कोनाले भेटला असन, तर सांगा."

सगळ्यांदेखत पोरगा हमसून हमसून रडला.