नानांच्या मागची सीट

धुळ्याहून नरडाण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसते. पुढं बसलं की मळमळत नाही, एवढंच कारण. मी तिथल्या एका कारखान्यात तेलाचे नमुने तपासते. पहिली पाळी असली की बस अंधारातच निघते आणि निघाल्या निघाल्या सगळे झोपतात. कुणी कानटोपी डोळ्यांवर ओढून, कुणी कानात गाणी लावून.

तेव्हाचे ड्रायव्हर पन्नाशी ओलांडलेले होते. सगळे त्यांना नाना म्हणत, पण प्रेमानं कुणी म्हणत नसे. यायला जरा उशीर झाला की ते हॉर्न दाबून धरायचे. एकदा आमच्यातल्या गरोदर मुलीला चढायला वेळ लागला, तर म्हणाले, "लवकर चढ. ही बस शे, दवाखाना नही."

त्या हिवाळ्यात एका पहाटे माझी नजर सहज समोरच्या आरशात गेली. नानांचे डोळे मिटलेले होते. पापणी लवली असेल म्हणून मी वाट पाहिली. ती उघडेना. बस हळूहळू कडेला सरकत होती, पांढऱ्या पट्टीवर टायरचा आवाज बदलला. पुढं एक कंटेनर. मी मोठ्यांदा खोकले. नाना दचकले, स्टिअरिंग सरळ झालं. मागं एकालाही जाग आली नाही.

"नाना, झोप येतेय का?"

"झोप कोणले येस? तू तुन्हं काम कर."

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "उद्याच्या उद्या तक्रार कर." त्याचं बरोबर होतं. पण या वयात कामावरून काढलेल्या माणसाला पुन्हा कोण घेणार, हेही डोक्यातून जाईना. आणि खरं सांगायचं तर मला नानांच्या तोंडाचीही भीती वाटत होती. मग मी एक मधला मार्ग काढला. रोज बस हायवेला लागली की मी पुढं वाकून बोलत राहायची. गाव कोणतं, घरी कोण कोण, कापूस कसा आहे यंदा. ते तुटक उत्तरं द्यायचे. त्यातूनच कळलं, गाव भडगावकडचं. आणि बायको म्हणते, तुम्ही झोपेत घुसमटल्यासारखे करता, म्हणून ती रात्रभर त्यांना हलवून जागं करते.

"दवाखान्यात दाखवा ना."

"काय दखाडू? घोरस म्हणून?"

रविवारी घरात भाजी चिरतानाही टायरचा तो बदललेला आवाज ऐकू यायचा.

सोनगीरच्या पुढं एकदा ते झालंच. कापसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुढं चालली होती, मागं ना लाल दिवा ना काही. मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. मी "नाना!" म्हणून किंचाळले आणि त्यांचा खांदा ओढला. ब्रेक करकचून लागला. ट्रॉलीचं फळकुट काचेपासून हातभर अंतरावर होतं, आणि कापसाचा एक पुंजका सुटून वायपरमध्ये अडकला होता. मागं रडारड झाली. कुणाचं कपाळ आपटलं होतं. कुणीतरी ट्रॉलीवाल्याला शिव्या घालत होतं. सगळ्यांना चूक त्याचीच वाटली.

नानांनी बस कडेला घेतली. ते वळून माझ्याकडं बघत पुटपुटले, "ताई, कोणले सांगू नको."

आजवर मी त्या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं," मी म्हणाले. "मी तुमच्याबरोबर येते. पण आता किल्ली काढा."

"मन्हा पोटवर पाय देस का तू?" ते ओरडले. सगळे बघायला लागले. पुढं जे बोलले ते मी लिहीत नाही. मी हात पुढं धरून उभी राहिले. शेवटी त्यांनी किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि पायरीवर जाऊन तोंड झाकून बसले.

दुसऱ्या बसनं आम्ही कारखान्यात पोचलो. गाड्यांचं बघणाऱ्या साहेबांच्या खोलीत गेलो. मी नानांच्या शेजारी उभी होते. ते म्हणाले, "साहेब, गाडी चालवताना मन्हा डोळा लागस." मग मी त्यांच्या घुसमटण्याचं सांगितलं. साहेब चिडले, पण त्यांनी काढून टाकलं नाही. गाडी चालवणं बंद केलं, डॉक्टरांकडं पाठवलं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला. आता रात्री नाकाला यंत्र लावून झोपतात म्हणे. काम मिळालं गेटवरचं.

ते त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आभार तर दूरच. गेटवर मुलींच्या पिशव्या अशा उलट्यापालट्या करतात की डब्यातलं तेल सांडतं. मला त्यांचा रागही येतो, मी तो दाखवतेही. मग आठवतो तो पायरीवर तोंड झाकून बसलेला माणूस, आणि माझा आवाज आपोआप खाली येतो.

परवा मी ओळखपत्र विसरले.

"कार्ड दखाड."

"नाना, घरी राहिलं हो. ओळखता ना मला?"

"वळखस. घर राहिनं ना? मंग रजिस्टरवर सही कर, बाजूले उभी राह्य."

बाकीचे सगळे आत जाईपर्यंत त्यांनी मला उन्हात उभं केलं. मग एक प्लास्टिकची खुर्ची सावलीत ओढली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बस."