कोरड्या पिंपातले तीन ठोके

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आम्ही बौद्ध. अंगात येणं, उतारा टाकणं, दाराला लिंबू-मिरची बांधणं यातलं आमच्या घरात कधी काही झालं नाही. कुणी भुताचं नाव काढलं तर माझे वडील सरळ उठून बाहेर जायचे. त्यातून मी सुरतेतल्या एका मराठी शाळेत सायन्स शिकवते... म्हणजे तुम्हीच विचार करा. हे लिहावं की नाही, यातच वर्ष गेलं.

मागे या ग्रुपवर कुणीतरी परदेशातल्या जुन्या ब्रूअरीच्या टूरबद्दल लिहिलं होतं. मोठमोठी लाकडी पिंपं, गाइड, शेवटी टेस्टिंग. ते वाचलं आणि वाटलं, आता आपणही लिहून टाकावं. आमच्या गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे बिअरचा कारखाना कुठून असणार! पण तापीच्या काठाला, जुन्या सुरतेत, आंबवण्याचाच एक जुना कारखाना अजून चालू आहे. सरक्याचा. सरका म्हणजे उसाचं व्हिनेगर. नाव मुद्दाम देत नाही. एका पारशी कुटुंबाचा आहे एवढं पुरे. माझे वडील दौलत, त्यांनी तिथं बत्तीस वर्षं काम केलं. धुळ्याकडून आले ते थेट तिथंच लागले आणि तिथूनच रिटायर झाले.

लहानपणी मला तो कारखाना फक्त वासाने माहीत होता. बाबा घरात शिरायच्या आधी त्यांच्या शर्टाचा आंबट वास शिरायचा. माझ्या कपड्यांनाही तो लागायचा बहुतेक, कारण शेजारच्या गुजराती मुली मला ‘अथाणुं’ म्हणायच्या. अथाणुं म्हणजे लोणचं. बाबा कामाबद्दल घरी एक अक्षर बोलायचे नाहीत. मला वाटायचं, कंटाळा येत असेल.

गेल्या वर्षी कारखान्यानं रविवारी टूर चालू केली. दीड तास, गाइड, शेवटी चव बघायला पाच प्रकारचा सरका. आईला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते आणि बाबा दिवसभर खिडकीशी बसून असायचे. मी न विचारता दोघांचं बुकिंग केलं. ऐकून म्हणाले, “तिथं काय बघायचं?” मी म्हटलं, “तुम्ही बघितलंय, मी कुठं बघितलंय?”  रविवारी सकाळी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी तयार होते.

अकराची वेळ. भर उन्हाची. आम्ही धरून अकरा जण होतो. गाइड खुशबू नावाची मुलगी, कॉलेज नुकतंच संपवलेली, बोलायला गोड. उसाचा चरक दाखवला, रस आंबतो ती खोली दाखवली. सुरुवातीला बाबा सगळ्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून. मग खुशबू एका ठिकाणी अडखळली आणि बाबा हळूच गुजरातीत म्हणाले, “बेन, रस पहेलां दारू थाय, पछी सरको थाय.” म्हणजे रसाची आधी दारू होते, मग सरका. लोक हसले... गुजरातेत उघड्यावर दारू झाली म्हणून! खुशबू म्हणाली, “काका, आप यहाँ काम करते थे?” बस, मग सगळे बाबांनाच विचारायला लागले. पिंपाला कान लावून आत काय चाललंय ते कसं ओळखायचं, रसावर धरणारी साय कशी सांभाळायची... मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वडिलांना त्यांच्या कामात बघत होते. 

त्यानंतर आम्ही जुन्या हॉलमध्ये गेलो.

तिथं चार प्रचंड पिंपं आहेत, सागवानी, दीड माणूस उंच. साफ करायची तर वरचं झाकण काढून शिडीनं आत उतरावं लागतं. तीन अजून वापरात आहेत. चौथं बरीच वर्षं कोरडं आहे, झाकण खिळे मारून बंद. खुशबू म्हणाली, ठोकून बघा, भरलेल्याचा आणि रिकाम्याचा आवाज वेगळा येतो. सगळ्यांनी ठोकून पाहिलं. बाबा दारातच थांबले होते. मी हाक मारली तर मानेनंच नको म्हणाले.

लोक पुढे सरकले. आणि त्या चौथ्या पिंपातून आवाज आला.

टक्. टक्. टक्.

लाकडावर लाकूड आपटल्याचा. आतून. तिन्ही ठोक्यांमध्ये सारखं अंतर.

सगळे वळले. अहमदाबादहून आलेलं एक जोडपं होतं, त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली, “तमे कर्युं?” तो माझ्या शेजारी उभा होता, हातात मोबाइल, व्हिडिओ चालू. खुशबू हसत म्हणाली, “डरने की बात नहीं, पाइप का आवाज़ होगा.” पण तिचा चेहरा काही हसत नव्हता.

बाबा दारातून निघाले. माझ्यासमोरून गेले, पण मी त्यांना दिसत नव्हते. पिंपापाशी जाऊन त्यांनी तळहातानं दोनदा थापटलं. धप्. धप्.

आतून पुन्हा तीन ठोके आले. या वेळी सावकाश.

बाबांनी पिंपाला कपाळ टेकवलं. आम्ही घरी अहिराणी बोलतो. त्याच बोलीत, एवढ्या माणसांसमोर, अगदी हळू म्हणाले, “सुकदेव... झायं रे भाऊ. आते वर ये.” म्हणजे, पुरे झालं रे, आता वर ये.

मग काही वाजलं नाही.

आत कुणी अडकलंय की काय, या भीतीनं खुशबूनं मॅनेजरना बोलावलं. शिडी आली, खिळे उपटले, टॉर्च मारला. मीही शिडीवर चढून बघितलं. आत तळाला बोटभर धूळ, त्यावर कशाचाही ठसा नाही. झाकणाच्या खाली कोळ्याचं जाळं या काठापासून त्या काठापर्यंत अखंड, ते झाकण काढतानाच फाटलं.

टूर अर्धवट सोडणं बरं दिसेना म्हणून सगळे टेस्टिंगच्या टेबलाशी गेले. लहान लहान काचेचे पेले, काकडीचे काप. बाबांनी पहिलाच पेला एका घोटात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अहमदाबादच्या बाईंनी पाणी पुढे केलं. म्हणाल्या, “बहुत खट्टा है ना, अंकल?” बाबांनी मान हलवली.

बाहेर आल्यावर ते तापीकडच्या कठड्यावर बसले आणि मी न विचारता बोलायला लागले.

सुकदेवकाका. आमच्याच गावचे, बाबांच्या आधी एक वर्ष सुरतेला आलेले. मला त्यांचा फक्त एक फोटो माहीत होता, बाबांच्या ट्रंकेत असलेला. पिंप साफ करायचं काम जोडीनं करायचं असा नियम होता. एक आत, एक बाहेर. आतल्यानं मधूनमधून खरवडणीच्या दांड्यानं तीन ठोके द्यायचे, म्हणजे मी बरा आहे. बाहेरच्यानं दोन, म्हणजे मी इथंच आहे. कारण आंबताना निघणारा वायू तळाशी साचून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. मी सातवीच्या मुलांना दर वर्षी शिकवते, कार्बन डायऑक्साइड जड असतो, त्यात मेणबत्ती विझते. घरी तयारी करायचे तेव्हा बाबा दारात उभे राहून ऐकायचे...

“त्या दिवशी आत उतरायची पाळी माझी होती,” बाबा म्हणाले. “तू पाच वर्षांची. अंगात ताप, झटके यायला लागलेले. तुझ्या आईनं शेजारच्याला निरोप घेऊन पाठवलं. सुकदेव म्हणाला, तू जा, पोरीला दवाखान्यात ने, मी उतरतो. मी म्हटलं, एकटा उतरू नको. तर म्हणतो, एवढंसं तर राहिलंय, जा तू.”

बाबा दुपारी परत आले. त्या चौथ्याच पिंपावर दोनदा थापटलं. आतून उत्तर आलं नाही. त्यांनीच दोराने सुकदेवकाकांना वर काढलं.

“साहेबांनी विचारलं, पाळी कुणाची होती? मी घाबरलो गं. म्हटलं, सुकदेवची, जोडीदाराची वाट न बघता उतरला. सगळीकडे तेच लिहिलं गेलं, की स्वतःच्या चुकीनं मेला. मी कधी बदललं नाही.”

मी विचारलं, “आईला माहीत होतं?”

“होतं. ती म्हणायची, जाऊन शेवंताला सांगा. मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं?”

शेवंताकाकू म्हणजे सुकदेवकाकांच्या बायको. मुलगा सुरतेजवळ पलसाण्याला कापडाच्या प्रोसेसिंग मिलमध्ये आहे, त्याच्याकडे राहतात, एवढं गावच्या लोकांकडून कानावर होतं. पुढच्या रविवारी बाबा स्वतःच म्हणाले, “मला घेऊन चल.”

हायवेपासून आत दोन खोल्यांचं घर. मुलगा ड्यूटीवर होता. काकूंनी दार उघडलं. बारीकशा, सगळे केस पांढरे. बाबांना बघून एक क्षण तशाच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, “या भाऊ. बठा.”

बाबा बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. पाळी, माझा ताप, साहेबांपुढचं खोटं. काकू ऐकत होत्या, हातातलं लुगड्याचं टोक गुंडाळत, सोडत.

बाबांचं झाल्यावर त्या म्हणाल्या, “माले माहीत व्हतं, भाऊ.”

त्या दिवशी दहाच्या सुमाराला त्या कारखान्यात डबा द्यायला गेल्या होत्या. सुकदेवकाका पिंपाच्या वर शिडीवरच होते. म्हणाले, दौलतच्या पोरीला ताप आहे, त्याला मी पाठवून दिलंय, आज मी उतरतो. काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेबांनी काय लिहून घेतलं तेही कळलं होतं.

 मी बाबांना धरून खाटेवर बसवलं. ते म्हणाले, “मग वहिनी, तुम्ही कधी बोलला का नाहीत? चार माणसांत मला का नाही विचारलंत?”

काकूंनी हातातलं टोक सोडून दिलं. मग जे म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

“मी वाट दखू. आज येतीन, उद्या येतीन. त्या दिन मना घरना दोन मानसं गयात, भाऊ. एक मरी गया. दुसरा जित्ता व्हता, पन उना नही.” उना नही, म्हणजे आला नाही.

मी आजवर बाबांना आईच्या वेळीसुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं. काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी त्यांना शांतही केलं नाही. थोड्या वेळानं उठून चहा ठेवला. चहा झाल्यावर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “तीच का तू?” मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. हात खरखरीत होता.  एकोणतीस वर्षं त्या घरात माझं नाव कसं घेतलं गेलं असेल, याचाच विचार डोक्यात होता.

आता व्हिडिओचं सांगते, कारण तुम्ही विचारणारच. अहमदाबादच्या त्या गृहस्थांनी तो मला पाठवला. माझ्याकडे आहे. त्यात खुशबूचं बोलणं ऐकू येतं, पंख्याची घरघर ऐकू येते, बाबांनी थापटल्याचे दोन्ही आवाज स्वच्छ ऐकू येतात. तीन ठोके मात्र कुठेच नाहीत, पहिल्या वेळचेही नाहीत आणि दुसऱ्या वेळचेही. फक्त एका क्षणी सगळ्यांच्या माना एकदम त्या पिंपाकडे वळतात. शाळेतल्या एका सरांना दाखवला. ते म्हणाले, लाकूड उन्हानं तडकतं, मोबाइलचा माइक काही आवाज गाळतो, एकानं मान वळवली की बाकीचे वळवतात. प्रत्येक गोष्ट पटण्यासारखी आहे. मी मुलांना हेच सांगितलं असतं. पण मी तिथं होते, आणि आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला. काय होतं ते मला माहीत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, चेष्टा तेवढी करू नका.

बाबा या जानेवारीत गेले. त्याआधी आम्ही पलसाण्याला आणखी तीनदा जाऊन आलो. दोघं फार बोलायची नाहीत. गावाकडचं कोण गेलं, कुणाकडे लग्न आहे, असलंच काहीबाही. माफ केलं असं काकू कधी म्हणाल्या नाहीत, बाबांनीही माफी मागितली नाही.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, एका दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाले, “वैशू, इतके दिवस मला वाटत होतं, तिला तोंड दाखवलं तर तिला त्रास होईल. ती तर वाट बघत होती गं. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं का?”

मी त्यांचा हात धरून बसले.