व्याही बसेनात

देण्याघेण्यावरून लग्नं मोडतात हे मी ऐकून होते. आमच्या मुलीचं मोडायची वेळ आली ती मुलाचे वडील खुर्चीवर बसेनात म्हणून.

मुलगा कुपवाडला एका कारखान्यात सुपरवायझर, मुलगी तिथंच ऑफिसात. दोघांचं आधीच ठरलेलं होतं, आम्हाला फक्त पोहे करायचे होते. पाहुणे साताऱ्याकडून आमच्या कडेगावला आले. पुढे मुलाचे चुलते, ज्यांच्या महाबळेश्वरला टॅक्सी फिरतात. त्यांच्यामागे मुलाची आई आणि सगळ्यात शेवटी वडील. वडिलांनी दारात चपला काढल्या, मान वर केली आणि समोर माझा नवरा दिसताच टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

"राम राम, साब!"

माझा नवरा सुभेदार म्हणून निवृत्त झाला. हे गृहस्थ त्याच पलटणीत त्याच्या हाताखाली नायक होते. नवऱ्याला कोण आनंद झाला! त्यानं जाऊन मिठी मारली. मिठीतसुद्धा व्याही ताठच.

"बस रं गड्या," नवरा म्हणाला, आणि मग एकदम त्याच्या ध्यानात आलं की हा आता नायक नाही, मुलाचा बाप आहे. त्यानं घाईघाईनं दुरुस्ती केली, "म्हणजे, बसावं आपण."

झालं. पलटणीत साहेब आदरानं बोलायला लागले की काहीतरी शिक्षा येणार असते म्हणे. 'आपण' ऐकल्यावर व्याह्यांनी छाती आणखी पुढे काढली.

"साब, ऑर्डर द्या. लगेच बसतो."

"व्याह्याला ऑर्डर देऊ? मी मुलीचा बाप आहे!"

एकाला हुकमाशिवाय बसता येईना, दुसऱ्याला हुकूम देता येईना. व्याह्यांनी पोहे उभ्यानंच खाल्ले, तेही भिंतीला पाठ न लावता. मुलगी चहा घेऊन आली, तेव्हा तिला दाखवायचंय की व्याह्यांना, हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

निघताना चुलत्यांनी मला गाडीशी गाठलं.

"वैनी, पोरगी आमास्नी पसंत हाय. पन पोराच्या बापानं पोरीच्या बापापुढं उभं ऱ्हायाचं, ह्ये आमच्या भावकीत चालायचं न्हाई. लग्नात आमचा दादा पयल्या पंगतीला बसंल आन तुमचं साहेब त्येला वाढतील. तितं जर दादा उठला, तर आमी समदी ताटावरनं उठलो. पोरगी मग तुमच्याकडंच."

चुलत्यांचा मला राग आला, पण त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. मुलाकडच्यांचा मान आमच्या भागात अजून सांभाळावा लागतो. आणि ते बोलतात तसं करतात, हे त्यांनी गाडीचं दार ज्या तऱ्हेनं लावलं त्यावरून कळत होतं.

मी आधी विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आवं, माज्यासाठी कवा खाटंवरनं उठलं न्हाईत, आन तुमच्यात यिऊन उभं! मी काय सांगू?" मग फोन त्यांनी सरळ व्याह्यांच्या हातात दिला.

मी विचारलं, "पाव्हणं, नोकरी संपून एवढी वर्षं झाली. अजून कसली भीती?"

"भीती न्हाई ओ. साहेबांनी मला लय झापलंय. पन कवा आईबापावरनं बोललं न्हाईत. बाकीचं साहेब बोलायचं. म्हनून उभा ऱ्हातो."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला धरलं. "तुम्हीच सांगा त्यांना. एकदा हुकूम सोडा आणि मोकळे व्हा."

नवरा उसाला पाणी द्यायला निघाला होता. दारात थांबून म्हणाला, "निवृत्त माणसानं हुकूम सोडला की लोक हसतात. तो हसणार नाही, ऐकेल. ते जास्त वाईट. वर्दीतला हुकूम आणि घरातला हुकूम सारखा नसतो." आणि मोटर सुरू करायला गेला. मुलीचं लग्न तोंडावर आणि बापाला तत्त्वं सुचत होती.

लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत निभावलं. फेटा बांधताना माणूस उभाच असतो. व्याहीभेटीत दोघे उभे. अक्षता पडताना सगळं गावच उभं. मला वाटलं, सुटलो.

मग पंगत. मुलाकडच्या मोठ्या माणसांसाठी टेबलखुर्च्या मांडल्या होत्या. व्याही पहिल्या खुर्चीत बसले, शेजारी चुलते पहाऱ्याला. ताटं वाढून झाली आणि मांडवाच्या त्या टोकाकडून माझा नवरा जिलबीचं ताट घेऊन आला. व्याही उठले.

चुलत्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "दादा, बसतूस का मी उठू?"

"साब उभं हाईत."

"आरं, वाढायला उभंच ऱ्हावं लागतंय!"

"तू गप. तुला न्हाई कळायचं."

चुलत्यांनी खुर्ची मागं सरकवली. त्यांच्यामागून भावकीतल्या चौघा-पाचजणांनी सरकवली. माझी मुलगी बाशिंग बांधून स्टेजवरून बघत होती, आणि नवरा जिलबीचं ताट घेऊन पुतळ्यासारखा उभा.

क्वार्टरमध्ये राहून मी एवढं तरी पाहिलं होतं. पलटणीत वर्षातून काही वेळा बडा खाना असतो. त्या दिवशी जवान बसून जेवतात आणि साहेब लोक बादल्या घेऊन वाढतात. त्या दिवशी कुणी उठायचं नसतं. उठला तर तोच साहेबांचा अपमान.

मी पुढे झाले. "आवं पाव्हणं, उठताय काय असं? आज बडा खाना हाय."

व्याही माझ्याकडे बघत राहिले. मग नवऱ्याकडे. नवऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, ताट टेबलावर टेकवून बाह्या वर सारल्या आणि म्हणाला, "व्हय. बडा खानाच की."

"मग तसं आधी सांगायचं साब!" व्याही बसले. नुसते बसले नाहीत, खुर्ची पुढे ओढून, मांडी ऐसपैस करून बसले. नवऱ्यानं जिलबी वाढली, "आणखी घे, लाजू नको," म्हणत पुन्हा वाढली. कुणीही कुणाला 'आपण' म्हणालं नाही.

चुलते अवघडून परत खुर्चीत बसले. थोड्या वेळानं त्यांनी ताट पुढे केलं. "साहेब, हिकडंबी या की."

नवरा थांबला. "तुमी कुठल्या पलटणीचं?"

पंगत हसायला लागली. चुलते लाल झाले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. "म्हाबळेश्वर टॅक्सी पलटण, साब!"

त्यांना दोन जिलब्या जास्त मिळाल्या.

नवी अडचण पुढेच होती. सगळे हात धुवायला गेले तरी व्याही ताटावर बसून. साहेब अजून वाढतायत, तेव्हा आधी कसं उठायचं? खुर्च्यांच्या मागे दुसऱ्या पंगतीची माणसं पोरं कडेवर घेऊन ताटकळत होती. मी नवऱ्याला खूण केली, त्यांना उठवा.

"मी कसं उठवू? व्याही आहेत."

म्हणून मीच गेले. "पाव्हणं, उठा. पुढची पंगत खोळंबलीय."

"जी, म्याडम," म्हणाले आणि ताडकन उठले. साहेबाच्या बायकोचा हुकूम चालतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.