तारेचं टोक

माझी लेक दिवस भरण्याआधीच जन्मली. कशेळ्याच्या दवाखान्यात तिला बल्ब लावलेल्या खोक्यात ठेवलं होतं आणि मी तिला हात लावायलाही भीत होते. आतली ऊब मोजायला नर्सबाईंनी बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मीटरला लावलेल्या दोन वेगळ्या धातूंच्या तारांचं जोडलेलं टोक आधी स्वतःच्या मुठीत धरून बघितलं.

“टोक तापलं का तारंत जराशी वीज येते. मीटर तीच मोजतो,” तो म्हणाला.

टोक खोक्यात ठेवलं, पण दवाखान्यातली वीज कमीजास्त होई तसा बल्ब मंद-प्रखर होऊन मीटरवरचा आकडा सारखा वरखाली होत होता. मला संकोच नको म्हणून त्याने मीटर घेऊन पाठ फिरवली आणि नर्सबाईंना म्हणाला, “बाळ आईच्या छातीशी द्या. टोक दुपट्यात ऱ्हाऊ द्या.”

नर्सबाईंनी लेकीला माझ्या छातीशी ठेवलं. थोड्या वेळाने आकडा एका जागी थांबला. मीटरवरची नजर न काढता तो हळूच म्हणाला, “बल्ब नको आता. ताई, फक्त तुमी हलू नका.”