सभापती महोदयांच्या मार्फत

मी नवऱ्याचं घर सोडून नाशिक रोडला परत आले, तेव्हा बाबांनी माझ्याशी अबोला धरला. आई होती तोवर निरोप तिच्या मार्फत जायचे. ती गेली, आणि दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरलो.

वाट बाबांनीच काढली. निवृत्तीनंतर ते दूरदर्शनवर राज्यसभेचा प्रश्नोत्तराचा तास न चुकता बघत. तिथे सदस्यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, काय असेल ते सभापतींना उद्देशून बोलायचं, असा रिवाज. एकदा जेवताना ते पडद्याकडे बघत म्हणाले, "सभापती महोदय, माननीय सदस्यांनी आमटीत मीठ घातलेलं दिसत नाही."

मी काही कमी हट्टी नव्हते. मीही पडद्यालाच सांगितलं, "सभापती महोदय, माननीय सदस्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय."

मग घर तसंच चालू लागलं. अधिवेशन नसलं की बंद टीव्हीशी बोलायचं. मी शिक्षिका, शाळा दुपारची, निघताना मी सभापतींचाच निरोप घ्यायची. ते सभापती पुढे राष्ट्रपती झाले तेव्हा बाबांनी पेढे आणले आणि एक पेढा टीव्हीवर ठेवला. आता माझ्यापुढे डबा धरतील असं वाटलं होतं. डबा ओट्यावर ठेवून ते बाहेर गेले. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

त्यांच्यानंतरचे सभापती पदावर असतानाच वारले. बातमी लागली तेव्हा बाबा खुर्चीचा हात धरून उभे राहिले. मीही उभी राहिले. मग त्यांनी टीव्ही बंद केला, आणि दिवसभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काही खाल्लंस का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझी नजर सवयीनं बाहेरच्या टीव्हीकडे गेली आणि तोंडून निघालं, "सभापती महोदय, नंतर खाईन."

बाबा चपला घालून फिरायला गेले. काही दिवसांत नवे सभापती आले आणि आमचं कामकाज पूर्ववत सुरू झालं. त्यांची मुदत संपायच्या आत बाबा गेले. एकदाच विचारायचं आणि पुन्हा कधी विचारायचं नाही, याचा मला अजून राग येतो.

आता आणखी वेगळे सभापती आहेत. जेवायला बसले की मी टीव्ही बंद करते आणि समोरच्या खुर्चीला थेट सांगते, "नाही खाल्लं, बाबा. या, वाढते."